एक चूल, एक मत

आमचे हे अमरावतीचे, मी साताऱ्याची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी सगळ्यांना सांगितलं होतं, मुलगा इंजिनीअर आहे, रेल्वेत आहे, निर्व्यसनी आहे. त्यातलं शेवटचं तेवढं खरं नव्हतं. यांना वेगळ्या विदर्भाचं व्यसन होतं आणि ते अजूनही सुटलेलं नाही.

लखनौला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही सत्तावीस वर्षं काढली. त्या काळात जो मराठी माणूस आमच्याकडे चहाला आला, त्याला चहाबरोबर विदर्भही मिळाला. कापूस आमचा, कोळसा आमचा, वीज आमची आणि दिवे तुमच्याकडे, असं हे म्हणायचे. 'तुमच्याकडे' म्हणताना माझ्याकडे बघायचे, जसं काही साताऱ्यातले दिवे मीच एकेक करून लावून आले होते. अमरावतीचा एक मित्र यांना अधूनमधून सह्यांचे कागद पाठवायचा. हे सगळ्यांच्या सह्या घ्यायचे. माझी सही मात्र कधी मिळाली नाही.

"एकत्र राहण्यात बळ असतं," मी म्हणायचे. "भांडून वेगळं निघणाऱ्याला पुढे कोण विचारतं?"

"ज्याले जायचं आहे त्यालेच विचारा ना," हे म्हणायचे. चिडले की यांचं वऱ्हाडी वर येतं. "पुण्याच्या माणसाले काहून विचारता?"

हे भांडण मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी जिंकायचे, कारण महाराष्ट्र आहे तसाच होता. ज्याच्या बाजूने सगळं आहे तसंच चालू असतं, त्याला वाद घालायला फार सोपं जातं. हे कळायला मला अलीगंजला राहायला यावं लागलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही शहराच्या पार उत्तरेला, अलीगंजमध्ये घर घेतलं. यांचा जीव मात्र मानक नगरातच राहिला. आमचं मराठी मंडळ तिथलं, रेल्वेवाल्यांनीच काढलेलं. गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ, सगळं तिथल्या कॉलनीच्या हॉलमध्ये. हे मंडळाचे अध्यक्ष. दर रविवारी स्कूटर काढून गोमती ओलांडायची, चारबागच्या गर्दीतून वाट काढायची आणि तास-सव्वा तासाने तिकडे पोचायचं. आम्ही तिकडे राहत होतो तेव्हा अलीगंजची माणसं आरती संपता संपता हेल्मेट हातात घेऊन आत शिरायची. आम्ही एकमेकींकडे बघून म्हणायचो, "आले अलीगंजवाले." आता मी अलीगंजवाली झाले होते.

इथे आल्यावर मी मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला. का केला ते सांगते. माझ्या मुलाला मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. लहानपणी आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. पाहुण्यांसमोर तो लखनवी तोऱ्यात 'आप' म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पुढे माझी आई साताऱ्याला शेवटची आजारी पडली. मी तिथेच होते. तिने नातवाशी बोलायचं म्हटलं, म्हणून फोन लावून दिला. तो म्हणाला, "हाँ नानी, मैं ठीक हूँ, आप दवाई टाइम से लीजिए." आईने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "अगं, हा दुसऱ्याच कुणाला तरी लागलाय." त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि त्या चुकीचा राग मला अजून येतो.

तर वर्ग. रविवारी सकाळी दहाला, आमच्या पुढच्या खोलीत. आसपासच्या गल्ल्यांतली अकरा मुलं यायची. जिन्यापर्यंत हिंदीत भांडत यायची आणि दारात चपला काढल्या की गप्प व्हायची, कारण आत हिंदी चालत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचे वडील अमौसीला विमानतळावर नोकरीला. पहिले दोन महिने ती एक शब्द बोलली नाही. मग एका रविवारी येऊन म्हणाली, "आजी, मी काल लातूरच्या आजीला फोनवर विचारलं, शेळी व्याली का?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. मुलांना सांगितलं, कांदा चिरत होते.

आणि मग मंडळाने ठराव केला की मंडळ एक, तर वर्गही एक. यापुढे वर्ग मानक नगरच्या हॉलमध्येच भरेल. पुस्तकं मंडळामार्फत येत होती, वर्षअखेरची परीक्षाही मंडळामार्फतच द्यायची होती. ठराव कुणी मांडला म्हणून मी घरी विचारलं, तर हे वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "मी."

"मला न विचारता?"

"तूच तर म्हणतं, एकत्र राहण्यात बळ असते."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. महिनाभर यांच्या मागे स्कूटरवर बसून मानक नगरला गेले. अकरातली दोनच मुलं तिथे आली. बाकीच्या आया म्हणाल्या, "आंटी, एक संडे ही तो मिलता है." त्यांचंही बरोबर होतं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लहान पोरांना मराठीसाठी कोण नेणार? त्या दोघांत ती लातूरच्या आजीची नात होती, कारण तिच्या वडिलांची ड्यूटी त्याच बाजूला असायची. ते जाता जाता तिला सोडायचे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहतात, मूळचे पुण्याचे. यांचे जुने मित्र आणि विदर्भाच्या प्रश्नावर जुने वैरी. यांच्यासमोर ते छातीवर हात ठेवून म्हणतात, महाराष्ट्राचा तुकडा पडू देणार नाही. बेळगावचा विषय निघाला की तेच म्हणतात, तिथल्या लोकांना विचारा ना, त्यांना कुठे राहायचंय. विदर्भाच्या लोकांना का नाही विचारायचं, असं हे विचारतात. त्यावर मॅनेजर म्हणतात, "साहेब, ते वेगळं." आमच्या शेजारचे इथलेच वकीलसाहेब तर आणखी वरताण. त्यांना वेगळा विदर्भ पसंत आहे, "छोटा राज्य अच्छा चलता है, भाईसाहब." मग यांनी एकदा विचारलं, यूपीचे चार तुकडे केले तर? वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "यूपी तो एक ही रहेगा."

तर त्या मॅनेजरांनीच पुढाकार घेतला. अलीगंजमधली आपली चौदा घरं, आपण वेगळं मंडळ काढू, वर्ग इथे भरवू. अखंड महाराष्ट्राचे कैवारी, त्यांनी फुटून निघण्याचा अर्ज लिहिला. त्यात लिहिलं होतं, लहान असलो तरी आमचं आम्ही बघू. आणि विदर्भवादी अध्यक्षांनी तो वाचून उत्तर दिलं, फुटीने कुणाचं भलं झालंय? दोघांनी एकमेकांची भाषणं अदलाबदल करून घेतली होती आणि दोघांच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? मी मॅनेजरांच्या बाजूला उभी होते.

मंडळात येताना कुणाला काही करावं लागलं नव्हतं. भाजी घेताना कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं की आम्ही विचारायचो, "तुम्ही आपल्याकडचे का?" आणि वहीत नाव घालून मोकळे व्हायचो. जायचं म्हटल्यावर मात्र तीन बैठका झाल्या, दोन नोटिसा निघाल्या, आणि नियमांची एक पुस्तिका बाहेर आली जी तोवर कुणी उघडलीही नव्हती.

पहिल्या बैठकीत हे म्हणाले, सगळ्या मंडळाने मत द्यावं. मानक नगरची घरं साठाच्या वर, आमची चौदा. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "ज्याला जायचंय त्यालाच विचारा, असं तुम्ही सत्तावीस वर्षं म्हणत आलात. तेव्हा चहा मी करत होते, म्हणून मला पाठ आहे."

सगळा हॉल हसला. हे लाल झाले. "तो प्रश्न वेगळा आहे," असं म्हणाले. पण हसू थांबेना, तेव्हा त्यांना माघार घ्यावी लागली. ठरलं की मत फक्त अलीगंजच्या घरांनी द्यायचं. बरोबरीत सुटलं तर आहे तसंच राहील.

मग सेक्रेटरींनी पुस्तिकेतला नियम वाचला. एक चूल, एक मत. म्हणजे घरात माणसं कितीही असोत, स्वयंपाक एकत्र होतो ते एक घर, आणि त्याचं मत कुटुंबप्रमुख देणार. मी बोटांवर हिशेब केला. आमचं घर सोडून तेरा. त्यातली सात जायच्या बाजूची, सहा राहायच्या. आमच्या घराचं मत यांच्या हातात, म्हणजे सात-सात. अकरा मुलांचा वर्ग मी चालवणार, अक्षरं मी गिरवून घेणार, आणि तो कुठे भरणार यावर मला मतच नाही. माझं डोकं असं सणकलं म्हणता.

"वेगळी चूल असेल तर वेगळं मत?" मी विचारलं.

सेक्रेटरी सरळ माणूस. पुन्हा पान उलटून म्हणाले, "हो काकू. पण मतदानाच्या आधी किमान पंधरा दिवस चालू असलेली हवी."

मतदानाला अठरा-एकोणीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंडक्शनची शेगडी पुढच्या खोलीत मांडली, शेजारी कणकेचा डबा, तेल, मीठ, हळद, तिखट. हे दारात येऊन उभे राहिले. "हे काय नाटक आहे?"

"माझी चूल."

"घरात राहून घरातून निघता येते का?"

"विदर्भ वेगळा झाला तरी महाराष्ट्राशी गोडीनेच राहील, असं तुम्हीच सांगत असता. तसंच."

काम करणारी आली, तिने दोन्हीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आंटी, अंकल से झगड़ा हुआ क्या?" मी म्हटलं, झगडा नाही, इलेक्शन आहे. तिने कपाळावर हात मारला आणि झाडू घेतला.

यांना चहा आणि खिचडी येवढंच येतं. पहिले चार दिवस खिचडी खाल्ली. पाचव्या दिवशी मी झुणका केला तेव्हा हे दोनदा पुढच्या खोलीत चष्मा शोधायला आले. चष्मा नाकावर होता. मला पाघळल्यासारखं झालं, नाही असं नाही. ताट वाढायला हात पुढे गेला होता. पण एक घास दिला असता तर सेक्रेटरी म्हणाले असते, चूल एकच. आठव्या दिवशी दुपारी लाइट गेली. माझी शेगडी थंड, भात अर्धवट. हे स्वयंपाकघरातून गोड आवाजात म्हणाले, "ये ना इकडं. गॅस आहे. आपण काय परके आहोत?" मी चुरमुरे खाल्ले. चार वाजेपर्यंत लाइट आली नाही आणि मी चारपर्यंत चुरमुरेच खात बसले. हट्टी म्हणा मला. माझ्या आईचा फोन मी विसरले नव्हते.

मतदानाच्या दिवशी आम्ही एकाच स्कूटरवरून मानक नगरला गेलो. हॉल भरला होता. सेक्रेटरींनी अलीगंजच्या घरांची यादी वाचली आणि यांच्याकडे वळले.

"साहेब, काकूंनी वेगळं मत मागितलंय. कुटुंबप्रमुख म्हणून तुम्हीच सांगा. तुमच्या घरी चुली किती?"

सगळे वळून बघायला लागले. हे 'एक' म्हणाले असते तर कुणी आमच्या घरी बघायला येणार नव्हतं. नवराबायकोचा रुसवा म्हणून लोक हसले असते, चहा झाला असता, आणि वर्ग तिथेच बुडाला असता. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोन," हे म्हणाले.

"पंधरा दिवस झाले?"

"अठरा झाले. मी मोजलेत."

मग हात वर झाले. यांचा हात राहायच्या बाजूने, खांद्यापासून ताठ, सगळ्यांत उंच. माझा जायच्या बाजूने. आठ विरुद्ध सात. मॅनेजरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण कुणी वाजवत नाही म्हटल्यावर खाली घेतले.

परत येताना गोमतीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी मागून विचारलं, "खरं का सांगितलंत?"

"खोटं बोलून जिंकलो असतो तर विदर्भाबद्दल कोणत्या तोंडानं बोललो असतो?" मग म्हणाले, "आता तू सांग. अलीगंजनं जावं की नाही ते अलीगंजनं ठरवलं. विदर्भाचं काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते वेगळं."

हे इतके हसले की स्कूटर डगमगली आणि मागचा रिक्षावाला ओरडला. मला राग आला. यांचा आला आणि माझा त्याहून जास्त आला, कारण का वेगळं ते मला सांगता येईना. कारणं सांगितली, पण ती सगळी अशी होती की मंडळाने तीच माझ्याविरुद्ध सांगितली होती. घर येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. हरले असते तर बोलले असते.

चार दिवसांनी मॅनेजर नव्या मंडळाची वही घेऊन आले. पहिल्या पानावर नियम, सुंदर अक्षरात. एक नंबरला, एक चूल एक मत. मी म्हटलं, हे कशाला? ते म्हणाले, पद्धत आहे वहिनी. सात नंबरला होतं की अलीगंज मंडळ अखंड राहील, कोणत्याही घराला मंडळातून फुटून निघता येणार नाही. मी ते दोनदा वाचलं. अजून मंडळाचा पहिला चहाही झाला नव्हता आणि मॅनेजरांनी मागून कडी घातली होती.

"मॅनेजरसाहेब, चार दिवसांपूर्वी आपण काय केलं?"

"वहिनी, ते वेगळं. ते मंडळ लांब होतं. आपण सगळे जवळ आहोत, इथून कुणाला जायचं कारणच काय? मुलांचाच विचार करा. उद्या दोन-तीन घरं गेली तर वर्ग राहील का?"

वर्गाचं नाव घेतलं की मी नमते हे त्यांना माहीत होतं. आणि खरं सांगते, क्षणभर मला तो नियम हवासा वाटला. अकराच्या अकरा मुलं, कुणी हलणार नाही, कायमची माझी. मग मीच त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि एक नंबर खोडला, सात नंबर खोडला. म्हटलं, "ज्याला जायचंय त्याने सांगावं आणि जावं. नाहीतर मी निघाले. शेगडी अजून पुढच्या खोलीतच आहे." आतून यांचा खोकला ऐकू आला. हे खोकत नव्हते, हसू दाबत होते.

पहिल्या रविवारी दहा मुलं आली. अकरावी आली नाही, ती लातूरच्या आजीची नात. सव्वादहा झाले तसा मला दम निघेना. मुलांना कित्ता दिला, पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून तिच्या घरी गेले. अंगणात स्कूटर उभी होती, वडील हेल्मेट बांधत होते, ती मागे बसलेली, मांडीवर वही. त्यांनी राहायच्या बाजूने हात वर केला होता हे मला माहीत होतं.

मला बघून ते ओशाळले. "काकू, माझी ड्यूटी तिकडेच असते. अध्यक्षसाहेबांनी मानक नगरचा वर्ग चालू ठेवलाय, मी जाता जाता सोडतो, येताना घेतो. इथे ठेवलं तर हिची आई आता रविवारीही क्लिनिकमध्ये, आणायला कुणी नाही."

मला खूप बोलायचं होतं. म्हणायचं होतं, दोन महिने मुकी होती ती, तिला बोलतं मी केलं. म्हणायचं होतं, तिकडे मोजकीच मुलं, एकत्र राहण्यात बळ असतं. वाक्य अगदी जिभेवर तयार होतं, सत्तावीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. मी त्यांना थांबवू शकले असते. ते भिडस्त माणूस, थांबलेही असते.

मी फाटकाची कडी काढली आणि फाटक पूर्ण उघडून धरलं. "निघा," म्हटलं, "चारबागला अडकलात तर उशीर होईल."

स्कूटर बाहेर पडली. तिने वही छातीशी धरली आणि मागे वळून म्हणाली, "येते, आजी."

मी फाटक लावलं. डोळे पदराने पुसले, या वेळी कांद्याचं निमित्त सांगायला समोर कुणी नव्हतं. घरी आले तर दहाही मुलं कित्ता सोडून एकमेकांशी हिंदीत भांडत होती, आणि मी दारातूनच त्यांना मराठीत रागवायला सुरुवात केली.